चावी काढल्यावरची गळती : कारणशोध आणि सावधपण

मोटारसायकलची चावी काढून घेतली की गाडी बंद झाली, असे मानले जाते. इंजिन थांबते, दिवा मालवतो, आवाज संपतो. तरीही बॅटरीतून थोडा प्रवाह वाहत राहू शकतो आणि काही दिवसांनी बटण दाबले की सेल्फ नुसता टकटक करतो. गावाकडे याला ‘बॅटरी उतरली’ म्हणतात. ही उतरण कोणाच्या डोळ्यांदेखत होत नाही. ती कळते तेव्हा होऊन गेलेली असते.

यातून दोन जुने प्रश्न उभे राहतात. पहिला ज्ञानाचा: जे घडताना दिसत नाही, त्याचे कारण खात्रीने कसे कळते? दुसरा आचरणाचा: न दिसणाऱ्या ऱ्हासाबाबत माणसाचे कर्तव्य काय? भारतीय दर्शनांनी आणि मराठी संतपरंपरेने या दोन्ही प्रश्नांचा बारकाईने विचार केला आहे. मोटारसायकलची बॅटरी हे त्या विचाराचे लहानसे, पण मोजून पाहता येणारे उदाहरण आहे.

वाटूर आणि जांब

वाटूर हे जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातले गाव. जालन्याहून मंठ्याकडे जाताना वाटूर फाटा लागतो आणि तिथून परतूरची वाट फुटते. कापूस, सोयाबीन, तुरीच्या या पट्ट्यात मोटारसायकल हे शेतीच्या अवजारांपैकीच एक झाले आहे. दुधाची किटली, खताची गोणी, फवारणीचा पंप, शाळेला निघालेली मुले आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचा आजारी माणूस, या सगळ्यांचा भार तिच्यावर असतो. सकाळी ती चालू झाली नाही, तर घरातल्या प्रत्येकाचा दिवस अडतो.

शेजारच्या घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. तिथे १६०८ साली, रामनवमीच्या दिवशी, सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायणाचा जन्म झाला. बोहल्यावर उभे असताना भटजींचा ‘सावधान’ हा शब्द कानी पडला आणि नारायण मंडपातून निघून गेला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. पुढे नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे तप आणि त्यानंतर तीर्थाटन, असा त्यांचा क्रम झाला. कथेचा ऐतिहासिक तपशील कसाही असो, सावधपण हा शब्द रामदासांच्या विचाराच्या मध्यभागी आहे. ‘दासबोधा’च्या अकराव्या दशकात त्यांनी ओळीने चार गोष्टी सांगितल्या आहेत: हरिकथा-निरूपण, राजकारण, सर्व बाबतींतले सावधपण आणि साक्षेप, म्हणजे चिकाटीचा प्रयत्न. यातला ‘सर्व बाबतींतले’ हा भाग महत्त्वाचा आहे. परमार्थात जागे राहायचे आणि प्रपंचात डोळे मिटायचे, अशी फाळणी त्यांना मान्य नव्हती. बाराव्या दशकाच्या आरंभी ते प्रपंच नीट करण्याची शिकवण आधी देतात आणि परमार्थाकडे नंतर वळतात. त्यामुळे घरची गाडी नीट राखणे हा विषय त्यांच्या दृष्टीने क्षुल्लक ठरत नाही.

अलीकडच्या गाड्यांनी या सावधपणाचे मोल वाढवले आहे. जुन्या अनेक गाड्यांत ठिणगीपुरती वीज मॅग्नेटच्या कॉइलमधून थेट मिळत असे. बॅटरी पार मेलेली असली तरी किक मारून किंवा धक्का देऊन गाडी चालू होई. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनासोबत आपोआप लागू लागला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे निकष आले आणि कार्ब्युरेटरची जागा बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शनने घेतली. आता पेट्रोलचा पंप आणि इंजिन चालवणारे इलेक्ट्रॉनिक युनिट दोन्ही विजेवर चालतात. बॅटरी पूर्ण बसली की बऱ्याच गाड्या किकनेही उठत नाहीत. पूर्वी थोडे दुर्लक्ष खपून जाई. आता तेच दुर्लक्ष माणसाला रस्त्यात उभे करते.

साठा आणि क्षय

शिसे आणि आम्लाची बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ साली तयार केली. आजही बहुतेक मोटारसायकलींत त्याच तत्त्वाची बॅटरी असते. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा दोन व्होल्टपेक्षा किंचित जास्त दाब देतो. धन पट्टीवर लेड डायऑक्साइड, ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसे आणि दोहोंमध्ये पातळ केलेले गंधकाम्ल असते. वीज वापरली जाते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर येतो आणि आम्ल पातळ होत जाते. चार्जिंग झाले की थर विरघळतो आणि आम्ल पुन्हा घट्ट होते.

बॅटरी म्हणजे विजेने भरलेला रांजण, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. रांजण कितीही दिवस रिकामा राहिला तरी त्याची माती बदलत नाही. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की पट्ट्यांवरचे मऊ सल्फेट मोठ्या, कडक स्फटिकांत बदलते. हे स्फटिक मग साध्या चार्जिंगने सुटत नाहीत. तेवढा पृष्ठभाग कायमचा वाया जातो आणि बॅटरीची धारण करण्याची शक्तीच घटते. एकदा उतरण्याने होणारे नुकसान बरेचसे भरून येते. उतरलेलेच राहू देण्याने होणारे नुकसान मात्र भरून येत नाही.

क्षय पूर्ण थांबवताही येत नाही. बॅटरी गाडीतून काढून फळीवर ठेवली तरी ती आतल्या आत हळूहळू उतरते. साध्या बॅटरीत पंचवीस अंश तापमानाला ही उतरण महिन्याला साधारण तीन ते पाच टक्के धरतात. सीलबंद बॅटरीत ती कमी असते. तापमान दहा अंशांनी वाढले की वेग सुमारे दुप्पट होतो. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीची बॅटरी त्याहून तापते. जे जुळून आले आहे ते झिजते, हा अनित्यतेचा सिद्धांत बौद्ध विचाराने सर्व संस्कारित वस्तूंना लावला आहे. त्यातून निराशा निघत नाही. कोणती झीज स्वभावाने होते आणि कोणती दोषामुळे, हे वेगळे ओळखण्याची गरज निघते. गळतीचा शोध तिथूनच सुरू होतो.

एक लक्षण, अनेक कारणे

गाडी चालू होत नाही म्हणून बॅटरी खराब आहे, हा सर्वांत सोपा निष्कर्ष असतो आणि पुष्कळदा तो चुकतो. न्यायदर्शनाच्या भाषेत ही सव्यभिचार हेतूची चूक आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत पाच हेत्वाभास, म्हणजे फसवे हेतू, सांगितले आहेत आणि त्यांत पहिला मान याला दिला आहे. जो हेतू साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, असतानाही आढळतो आणि साध्य नसतानाही आढळतो, तो काहीच सिद्ध करत नाही. सेल्फ न फिरणे हे लक्षण बॅटरी मेली तर दिसते, बॅटरी चांगली असून टर्मिनल सैल असले तर दिसते, क्लचचा किंवा साइड स्टँडचा स्विच बिघडला तरी दिसते. तेवढ्यावरून नवी बॅटरी आणणाऱ्याच्या घरी महिन्याभराने नवी बॅटरीही उतरलेली सापडते, कारण मूळ दोषाला हात लागलेला नसतो.

बॅटरी वारंवार उतरण्याची कारणे तीन गटांत बसतात. पहिला गट: गाडी बॅटरीला पुरेसे चार्जिंग देत नाही. कॉइल जळालेली असते, कॉइलची वीज बॅटरीजोगी करणारा रेक्टिफायर बिघडलेला असतो, जोडणीत गंज असतो किंवा रोजची फेरी इतकी छोटी असते की सेल्फ मारताना खर्च झालेली वीज परत भरतच नाही. दुसरा गट: चार्जिंग मिळते, पण बॅटरी ते धरून ठेवत नाही. तिसरा गट: बॅटरी चांगली, चार्जिंग चांगले, पण चावी काढल्यावर कोणीतरी वीज खात राहतो. मिस्त्री याला ‘करंट लीक’ किंवा ‘वायरिंग करंट खाते’ असे म्हणतात. तिन्ही गटांचे बाहेरचे लक्षण एकच, उपाय मात्र वेगळे.

तीन अवस्थांची पाहणी

गट ओळखण्यासाठी एक साधा मल्टीमीटर पुरतो, पण तो तीन वेळा लावावा लागतो.

पहिले मोजमाप विश्रांतीचे. गाडी काही तास, शक्यतो रात्रभर, उभी राहिल्यावर दोन्ही टर्मिनलांमधला दाब पाहायचा. १२.६ ते १२.८ व्होल्ट असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे जेमतेम पाव. नुकत्याच फिरवून आणलेल्या गाडीचा आकडा यासाठी धरू नये. पट्ट्यांच्या वरवरच्या भारामुळे तो खोटा मोठा दिसतो.

दुसरे मोजमाप श्रमाचे. सेल्फ दाबून धरला असताना दाब क्षणभर खाली जातो. तो साधारण दहा व्होल्टच्या आसपास किंवा वर टिकला तर बॅटरीत दम आहे. विश्रांतीत १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ दाबताच आठवर किंवा त्याखाली घसरली, तर ती आतून थकलेली असते.

तिसरे मोजमाप चालत्या इंजिनाचे. इंजिनाचे फेरे वाढवून तीन-चार हजारांवर धरले की दाब साधारण १३.८ ते १४.५ व्होल्टपर्यंत चढला पाहिजे. तो बारा-साडेबारावरच राहिला तर चार्जिंग होत नाही. पंधराच्या वर गेला तर रेक्टिफायर दाब आवरत नाही आणि बॅटरी उकळते आहे.

एकाच अवस्थेवरून वस्तूचे स्वरूप ठरवू नये, हा धडा वेदान्ताने अवस्थात्रयाच्या विचारात दिला आहे. मांडूक्य उपनिषद जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या तिन्ही अवस्था तपासते, कारण जागृतीपुरते पाहणारा माणूस जागृतीत दिसणाऱ्यालाच सगळे मानून बसतो. गाडीबाबतही हेच घडते. लोक तिचा विचार ती चालत असताना करतात: ॲव्हरेज किती, आवाज कसा, ब्रेक लागतो का. गळती मात्र ती निजलेली असताना होते. तिन्ही मोजमापे ठीक आली आणि तरीही दोन-चार दिवस उभी राहिल्यावर बॅटरी उतरत असेल, तर तपास निजलेल्या गाडीचाच करावा लागतो.

अन्वय आणि व्यतिरेक

हा तपास असा होतो. चावी काढलेली, सर्व स्विच बंद. बॅटरीची फक्त मायनस वायर सोडवायची. मल्टीमीटरची तार दहा अँपिअरच्या खोबणीत लावून एक टोक बॅटरीच्या मायनस टर्मिनलला आणि दुसरे सुटलेल्या वायरला जोडायचे. आता गाडीत जाणारा प्रत्येक कण मीटरमधून जातो. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवायची नाही आणि सेल्फ तर दाबायचाच नाही. मीटरचा फ्यूज उडतो. आकडा अगदी लहान असेल तरच मिलिअँपिअरच्या खोबणीवर यायचे.

इथे एक फसगत संभवते. वायर जोडताच इलेक्ट्रॉनिक युनिटे क्षणभर जागी होतात आणि आकडा मोठा दिसतो. काही मिनिटे थांबल्यावर ती निजतात आणि खरा आकडा उरतो. पाहणाऱ्याच्या कृतीनेच पाहायची वस्तू काही काळ बदलली, तर त्या क्षणाचे प्रत्यक्षही प्रमाण मानता येत नाही. घाईने वाचलेला पहिला आकडा चांगल्या गाडीलाही दोषी ठरवतो.

घड्याळ किंवा डिजिटल मीटर नसलेल्या साध्या गाडीत हा आकडा जवळजवळ शून्य असावा. नव्या गाडीत तो काही मिलिअँपिअर असू शकतो. समजा, पाच अँपिअर-अवर क्षमतेच्या बॅटरीतून ५० मिलिअँपिअर जात आहेत. मग पूर्ण बॅटरी रिकामी व्हायला शंभर तास, म्हणजे चार दिवसांहून थोडा जास्त वेळ पुरतो. शुक्रवारी सकाळी लावलेली गाडी सोमवारी सकाळी काढायला गेल्यावर ३.६ अँपिअर-अवर निघून गेलेले असतात; उरलेल्या पाव हिश्श्याहून थोड्याच जास्त विजेत सेल्फ फिरण्याची आशा धरता येत नाही. पन्नास मिलिअँपिअर म्हणजे एखादा साधा बल्बही धड न पेटवणारी वीज. पण ती रात्रंदिवस वाहते आणि कोणी पाहत नसतानाही वाहते, म्हणून भारी पडते.

आता चोर कोण, हे शोधायचे. मीटर जोडलेला ठेवून एकेक फ्यूज काढायचा. फ्यूज काढला आणि आकडा तसाच राहिला, तर त्या वाटेवर दोष नाही. फ्यूज परत बसवायचा. फ्यूज काढताच आकडा धपकन खाली आला, तर दोष त्याच वाटेवर आहे. पुष्कळ साध्या गाड्यांत एकच मुख्य फ्यूज असतो. तिथे मग एकेक सॉकेट सोडवत जावे लागते: रेक्टिफायरचे, चावीच्या स्विचचे, हॉर्नचे, डिजिटल मीटरचे. रेक्टिफायरचा डायोड फुटला की बॅटरीची वीज उलटी कॉइलकडे परतू लागते. त्याचे सॉकेट सुटताच आकडा पडतो आणि दोष उघड होतो. बाहेरून बसवलेल्या वस्तूंकडे सर्वांत आधी पाहावे: मोबाइल चार्जर, जास्तीचे एलईडी दिवे, चोरीचा अलार्म, जीपीएस. त्यांची वायर चावीच्या स्विचनंतर न घेता थेट बॅटरीवरून घेतलेली असेल, तर चावी काढूनही त्या चालूच राहतात. हँडल वळते तिथे वायरचे आवरण घासून तांबे चेसीला लागलेले असणे, हेही नेहमीचे कारण.

ही पद्धत म्हणजे अन्वय-व्यतिरेकाचा प्रत्यक्ष प्रयोग आहे. अमुक असता तमुक असते, हा अन्वय. अमुक नसता तमुक नसते, हा व्यतिरेक. नुसता अन्वय पुरत नाही. चार्जर जोडलेला आहे आणि गळती आहे, एवढ्यावरून चार्जर दोषी ठरत नाही, कारण त्याच वेळी हॉर्नही जोडलेला आहे. चार्जर काढताच गळती थांबली आणि परत जोडताच सुरू झाली, म्हणजेच कारण हाती लागले. परत जोडून पाहण्याची ही शेवटची पायरी पुष्कळ जण गाळतात. फ्यूज काढताना हात लागून भलतीच सैल वायर हलली असेल, तर आकडा वेगळ्याच कारणाने पडलेला असतो. चौदाव्या शतकातल्या विद्यारण्यांनी ‘पंचदशी’च्या पहिल्याच प्रकरणात हीच युक्ती आत्मविवेकासाठी वापरली आहे. स्वप्नात स्थूल देहाचे भान नसते, पण जाणीव असते. म्हणून जाणीव देहाहून वेगळी, असा तो विचार जातो. जे काढले तरी उरते आणि जे काढले की संपते, यांची निवड करत जाणे ही दोन्हीकडची रीत.

सर्व फ्यूज आणि सॉकेटे तपासून झाली, तरी आकडा पडला नाही, तर न्यायदर्शनातले शेषवत् अनुमान उपयोगी येते. वात्स्यायनांनी भाष्यात त्याचा एक अर्थ परिशेष असा दिला आहे. शब्द हा द्रव्य आहे, गुण आहे की कर्म, या प्रश्नात द्रव्य आणि कर्म हे पर्याय बाद झाले की गुण उरतो, हे त्यांचे उदाहरण. गाडीत सर्व शाखा बाद झाल्यावर बॅटरीपासून पहिल्या फ्यूजपर्यंतची जाड वायर आणि सेल्फचा रिले एवढेच उरतात, कारण ते फ्यूजच्या अलीकडे असतात. परिशेष पक्का होण्याची अट एकच: पर्यायांची यादी पुरी हवी. यादीत एक वस्तू राहून गेली, तर उरलेल्यावर विनाकारण आळ येतो.

नित्य, नैमित्तिक, प्रायश्चित्त

कारण कळल्यावर आचरणाचा प्रश्न येतो. मीमांसकांनी कर्मांची केलेली विभागणी इथे नेमकी लागू पडते. नित्य कर्माचे वेगळे फळ सांगितलेले नाही. ते न केल्यास मात्र दोष लागतो, त्याला प्रत्यवाय म्हणतात. बॅटरीची देखभाल या जातीची आहे. ती करणाऱ्याला काही जास्तीचे मिळाले असे कधी वाटत नाही. गाडी रोजच्यासारखी चालू होते, एवढेच. न करणाऱ्याचे नुकसान मात्र निश्चित असते.

नित्यात पुढच्या गोष्टी येतात. गाडी आठवड्यातून किमान एकदा अर्धा-पाऊण तास सलग चालवावी. अंगणात नुसती चालू करून ठेवल्याने आयडलवर पुरेसे चार्जिंग होत नाही आणि सेल्फचा खर्चही भरून निघत नाही. टर्मिनल घट्ट असावेत. त्यांवर पांढरी-हिरवी पूड धरली तर खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवावी, कोरडे करून व्हॅसलिन लावावे. झाकणाच्या बॅटरीत पाण्याची पातळी खुणेखाली गेली तर फक्त डिस्टिल वॉटर घालावे. आम्ल घालू नये, कारण उडून जाते ते पाणी. सीलबंद बॅटरी उघडू नये. बॅटरी काढताना मायनस आधी सोडवावी आणि बसवताना शेवटी जोडावी. प्लसवर असलेला पाना चुकून चेसीला लागला तरी मग ठिणगी पडत नाही.

नैमित्तिक म्हणजे प्रसंगाने येणारे. आषाढी वारीला पायी निघालेल्या माणसाची गाडी वीस दिवस ओट्याशेजारी उभी राहते. गळती केवळ पाच मिलिअँपिअरची असली, म्हणजे नव्या गाडीत निर्दोष मानावी अशी असली, तरी ४८० तासांत २.४ अँपिअर-अवर जातात, पाचच्या बॅटरीतली जवळजवळ निम्मी वीज. निघताना मायनस वायर सोडवून ठेवली की ही उतरण टळते. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. इतक्या काळासाठी बॅटरी भरून, काढून, सावलीत ठेवावी आणि मागे राहिलेल्या कोणाकडून दर दोन महिन्यांनी चार्ज करून घ्यावी.

प्रायश्चित्त म्हणजे चूक घडल्यानंतरचे. उतरलेली बॅटरी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी चार्जिंगला लावावी. चार्जरचा प्रवाह क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याएवढा ठेवावा: पाच अँपिअर-अवरला अर्धा अँपिअर, दहा-बारा तास. ट्रॅक्टरच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीचा मोठा चार्जर लावून तासाभरात काम उरकले, तर पट्ट्या तापून वाकतात. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जागा मोकळी असावी आणि जवळ विडी-काडी पेटवू नये. प्रायश्चित्ताने पुढचा ऱ्हास थांबतो. कडक झालेल्या स्फटिकांची जागा परत मिळत नाही. कर्माच्या सिद्धांतातही प्रायश्चित्त म्हणजे घडलेले न घडल्यासारखे करणे नाही.

प्रमाद आणि आलस्य

देखभाल न होण्याचे कारण आळस आहे, असे सहज म्हटले जाते. पतंजलींनी योगसूत्रांत चित्ताचे नऊ अंतराय सांगताना प्रमाद आणि आलस्य वेगवेगळे मोजले आहेत. व्यासभाष्यानुसार शरीर आणि चित्त जड झाल्यामुळे प्रवृत्तीच न होणे म्हणजे आलस्य, तर साधनांकडे लक्षच न देणे म्हणजे प्रमाद. हा भेद न्याय्य आहे. पहाटे चारला पाण्याची मोटार चालू करायला शेतात जाणाऱ्या, दिवसभर राबणाऱ्या माणसाला आळशी म्हणणे हा त्याच्यावर अन्याय होईल. त्याच्या गाडीची बॅटरी उतरते, कारण त्याचे लक्ष चालत्या गोष्टींनी व्यापलेले असते आणि थांबलेल्या गोष्टीकडे वळत नाही. आळसावर उपाय कष्ट. प्रमादावर उपाय जास्त कष्ट नसून ठरलेल्या वेळी थांबून पाहणे हा आहे. धम्मपदाचा दुसरा वर्ग याच अप्रमादाला वाहिलेला आहे आणि महापरिनिब्बान सुत्तात बुद्धाचा अखेरचा उपदेशही अप्रमादाचाच आहे. संस्कार, म्हणजे जुळून आलेल्या सर्व गोष्टी, नाशवंत आहेत हे सांगून लगेच अप्रमादाने साधण्यास सांगणे, हा त्या उपदेशाचा क्रम आहे. झीज अटळ असण्यातूनच लक्ष देण्याचे कर्तव्य येते.

सावधपणालाही मर्यादा आहे. रोज रात्री चार्जर लावून ठेवणारा माणूस बॅटरी वाचवत नाही. साध्या चार्जरने भरलेल्या बॅटरीत वीज घालत राहिले की पाणी उकळून उडते आणि पट्ट्या झडतात. भरल्यावर आपोआप दाब कमी करणारा चार्जर असेल तरच तो लावून ठेवता येतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग अति खाणाऱ्याचा नाही आणि मुळीच न खाणाऱ्याचाही नाही, असे सांगून आहार, विहार, झोप आणि जाग या सर्वांत युक्तता मागितली आहे. काळजीचा अतिरेक हा प्रमादाचा उलटा चेहरा आहे. दोन्हींत मोजमापाची जागा भीतीने किंवा विसराने घेतलेली असते.

बॅटरी आणि माणूस यांची तुलना कुठे थांबते, हेही सांगितले पाहिजे. वेदान्ताच्या मते आत्मा हा साठा नाही. तो खर्च होत नाही, म्हणून त्याला भरण्याचा प्रश्न येत नाही. तुलना लागू पडते ती मनाला, सवयींना आणि नात्यांना. त्यांत भरणे आणि उतरणे दोन्ही आहे. तिथलीही बरीच गळती काही न करण्याच्या काळात होते: न बोललेल्या महिन्यांत, टाळलेल्या भेटीत, सुटलेल्या अभ्यासात. तिथेही पहिल्या लक्षणावरून दोष ठरवू नये, एकेक कारण बाजूला काढून पाहावे आणि उतरलेले उतरलेलेच राहू देऊ नये.

शेवटचे कर्तव्य

चांगली राखलेली बॅटरीही काही वर्षांनी संपते. मराठवाड्याच्या उन्हात ती थोडी आधीच संपते. चार्जिंगच्या मोजमापात गाडी निर्दोष ठरली, गळती सापडली नाही आणि रात्रभर नीट चार्ज केलेली बॅटरी दुसऱ्याच सकाळी सेल्फ दाबताना कोसळली, तर ती बदलण्याची वेळ आलेली असते. हे स्वीकारणेही सावधपणात मोडते. संपलेल्या बॅटरीला पुन्हा पुन्हा चार्जिंगला लावण्यात विजेसोबत दिवसही खर्च होतात.

जुनी बॅटरी मात्र उकिरड्यावर, बांधावर किंवा विहिरीच्या कडेला टाकता येत नाही. तिच्यातले शिसे विषारी असते, मातीत आणि पाण्यात उतरते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधते. बॅटरी घरी फोडून शिसे वितळवणे याहून घातक आहे. भारतात जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियम २००१ साली आले आणि त्यांची जागा २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली. जुनी बॅटरी दुकानदाराकडे दिली की नवीच्या किमतीत सूटही मिळते आणि शिसे वितळून पुन्हा नव्या पट्ट्यांत जाते. जे मातीतून घेतले, ते मातीला विष म्हणून परत न देता वापराच्या चक्रात परत द्यायचे, हे बॅटरी वापरणाऱ्याचे शेवटचे ऋण आहे आणि ते फेडल्यावर तिच्याबाबतची जबाबदारी पूर्ण होते.